पित्त नावाचे पांघरूण

मराठी घरांत सकाळच्या डोकेदुखीला बहुधा एकच नाव असते : पित्त. घरातली बाई उठते, कपाळ दाबत ओट्याशी येते, ‘आज पुन्हा पित्त उठलंय’ एवढेच म्हणते आणि चहाचे आधण ठेवते. ऐकणाऱ्याला पुढे काही विचारावेसे वाटत नाही. कोणी मोरावळ्याची बरणी पुढे करते, कोणी आमसुलाचे सार सुचवते, कोणी पाकिटातली गोळी काढून देते. दुपारपर्यंत उलटी झाली तर ‘पित्त पडलं, आता बरं वाटतंय’ म्हणून विषय संपतो. पुन्हा आठ-पंधरा दिवसांनी तेच.

पोट आणि डोके यांचा संबंध आपल्या आज्यांनी ओळखला होता आणि तो खोटा नाही. अर्धशिशीच्या, म्हणजे मायग्रेनच्या झटक्यात मळमळते, उलट्या होतात, जठरातले अन्न पुढे सरकण्याचा वेग मंदावतो. झटका भरात आल्यावर घेतलेली गोळी पुष्कळदा लागू पडत नाही, त्याचे हेही एक कारण आहे. पण इथेच आपली गल्लत होते. पोट बिघडले म्हणून डोके दुखले असे आपण समजतो; प्रत्यक्षात अनेकदा दुखण्याची सुरुवात मेंदूत झालेली असते आणि पोट त्याच्यामागून बिघडते. उलटीनंतर काहींना उतार पडतो हे खरे; म्हणून घशात बोटे घालून ‘पित्त काढण्याची’ सवय मात्र वाईट. त्या आम्लाने दातांचे वरचे कवच झिजते आणि अन्ननलिकेला इजा होते.

गंमत अशी की ज्या आयुर्वेदाच्या नावाने आपण हा शब्द वापरतो, त्याने एवढी घाई केलेली नाही. सुश्रुतसंहितेत डोक्याचे अकरा विकार सांगितले आहेत. पित्ताचा त्यातला एक. सूर्याबरोबर चढणारा आणि सूर्याबरोबर उतरणारा सूर्यावर्त निराळा, अर्धे डोके धरणारा अर्धावभेदक निराळा. त्या अकरांचे आपण एकच करून टाकले.

आता ज्या बाईला हे ‘पित्त’ होते तिचा दिवस पाहू. रात्री सगळ्यांची जेवणे उरकल्यावर, कुणी उशिरा येणारे असेल तर त्याची वाट पाहून, ती साडेदहा-अकराला उरलेसुरले घेऊन बसते. झाकपाक करून अर्ध्या तासात आडवी होते. भरल्या पोटी आडवे झाल्यावर आम्ल वर येते, छातीत जळजळते, झोप मोडते. पहाटे पाचला पुन्हा उठायचे. डबे, पाणी, मुलांच्या शाळा, स्वतःची नोकरी, या धांदलीत दहा वाजेपर्यंत पोटात फक्त दोन कप चहा. त्यात सोमवार असेल किंवा चतुर्थी असेल तर दिवसभर उपास आणि मग साबुदाण्याची खिचडी. अपुरी झोप, लांबलेली भूक, कमी पाणी आणि अवेळी खाणे ही सारी अर्धशिशीला निमंत्रण देणारी कारणे आहेत. हा विकार पुरुषांपेक्षा बायकांत सुमारे तिप्पट आढळतो. त्यात संप्रेरकांच्या चढउताराचा मोठा वाटा आहे, सगळा दोष वेळापत्रकाचा नव्हे. पण संप्रेरके आपल्या हातात नाहीत, वेळापत्रक आहे.

‘आमच्या आयाही सगळ्यांच्या मागूनच जेवत, त्यांना कुठे काय झालं?’ असे कोणी म्हणेल. झाले होते. डोक्याला फडके आवळून, कपाळावर सुंठेचा लेप लावून, माजघराच्या अंधारात पडून राहिलेली बाई आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिली आहे. तिला उजेड का नको असतो, हे कुणी विचारले नव्हते एवढेच.

चहाने डोके उतरते, हा अनुभवही तपासून पाहावा. चहातल्या कॅफिनची रोज सवय असलेल्या शरीराला ते बारा ते चोवीस तास मिळाले नाही की डोके दुखू लागते. संध्याकाळी पाचचा चहा आणि सकाळी सहाचा चहा यांत तेरा तास जातात. रविवारी उशिरा उठल्यावर डोके जड होते, त्यामागे हेही असू शकते. म्हणून चहा एकदम तोडू नये, हळूहळू कमी करावा.

गोळीचे तर याहून वाईट. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली तर त्या गोळीमुळेच डोकेदुखी जडू शकते. मिश्र औषधांच्या गोळ्यांना महिन्यातले दहा दिवसही पुरतात. शिवाय यांतल्या कित्येक गोळ्या जठराच्या अस्तराला इजा करतात. म्हणजे पित्तावर म्हणून घेतलेली गोळी पोटही बिघडवते आणि डोकेही.

मग नैसर्गिक उपाय कोणता? मोरावळा जरूर खावा, मळमळीवर आल्याचा तुकडा चघळावा, लेपाने बरे वाटत असेल तर लावावा. पण खरा उपाय बरणीत नाही. रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी दोन-तीन तास आधी आणि सगळ्यांचे एकत्र व्हावे. उठल्यावर तासाभरात चहाबरोबर काहीतरी खावे. झोपण्या-उठण्याची वेळ रविवारीही फार बदलू नये. आणि महिनाभर एका वहीत लिहावे : डोके कधी दुखले, आदल्या रात्री किती वाजता जेवले, झोप किती झाली, पाळी कधी आली, गोळ्या किती घेतल्या. ही वही डॉक्टरांना दाखवली तर त्यांचेही काम सोपे होते.

काही दुखणी मात्र पित्ताच्या पांघरुणाखाली मुळीच झाकू नयेत. मोठ्याने घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाचे सकाळी डोके दुखत असेल तर त्याच्या झोपेची तपासणी हवी. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, दुखण्याने झोपेतून उठवणारी किंवा खोकताना-वाकताना वाढणारी डोकेदुखी लवकर दाखवावी. अचानक, आजवर कधी झाली नव्हती इतकी तीव्र वेदना, ताप आणि मान आखडणे, बोलणे अडखळणे, हातपाय लुळे पडणे, दृष्टी अंधुक होणे, यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. गरोदरपणातल्या तीव्र डोकेदुखीलाही हेच लागू.

आज रविवार, घरी सगळे आहेत. रात्री आठला पाने मांडायची ठरवली तर जमण्यासारखे आहे. फक्त तिचेही पान त्याच वेळी मांडायचे आणि पोळ्या तव्यावरून एकेकाला वाढत राहण्याऐवजी आधीच करून ठेवायच्या. गरम पोळी एक दिवस मिळाली नाही तर कुणाचे डोके दुखणार नाही.