उगारलेला हात

पुणे शहर पसरत गेले, तशा मुळशी तालुक्यातील जमिनींच्या किमती गगनाला भिडल्या. जमीन विकून हाती आलेला पैसा आणि पाठोपाठ घरात शिरलेला संताप यांचे चित्र प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने २०१८ साली मांडले. वस्तू मोलाची झाली की माणसाचे मोल उतरते, हे सत्य मात्र मुळशीपुरते नाही.

इंग्रज लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांचा ‘द सिल्मरिलियन’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९७७ साली, त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी प्रसिद्ध केला. त्यात एल्फ नावाच्या कल्पित, अमर लोकांचा फेअनॉर हा राजपुत्र आहे. बुद्धीने अलौकिक, हस्तकौशल्यात अद्वितीय. पण स्वभाव अग्नीसारखा. बालपणीच आई गेली, वडिलांनी दुसरा विवाह केला आणि सावत्र भावांविषयीची अढी त्याच्या मनात कायम राहिली. त्याने दिव्य प्रकाशाची तीन रत्ने घडविली. शत्रूने कानात विष ओतले, तेव्हा त्याने भर सभेबाहेर सावत्र भाऊ फिंगोल्फिन याच्या छातीला तलवारीचे टोक लावले. त्याला बारा वर्षांची हद्दपारी झाली. पुढे पित्याचा वध करून शत्रूने रत्ने पळविली, तेव्हा ती परत मिळविण्याची घोर शपथ त्याने सात पुत्रांसह घेतली. त्या शपथेपायी त्यांनी स्वजनांचेच रक्त सांडले. अखेरीस दोन पुत्रांच्या हाती दोन रत्ने लागली. पण त्यांच्या स्पर्शाने हात पोळले. एक रत्न धरणीच्या अग्निगर्भात गेले, दुसरे सागरात.

आपल्याकडेही असाच एक हात उगारला गेला होता. भरत आणि बाहुबली हेही सावत्र बंधूच. हेमचंद्राचार्यांच्या ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’त बाहुबली ज्येष्ठ बंधूवर मूठ उगारतो आणि त्याच क्षणी थबकतो. उगारलेली मूठ रिकामी कशी परतावी? त्याच मुठीने तो स्वतःचे केस उपटतो आणि राज्याचा त्याग करतो. तरीही धाकट्या भावांना वंदन न करण्याचा अभिमान उरतोच. ब्राह्मी आणि सुंदरी या भगिनींनी ‘हत्तीवरून खाली उतर’ असे सुचविल्यावरच तो गळतो.

दोघेही पराक्रमी, दोघेही मानी. एकाने रागाच्या भरात उच्चारलेला शब्द सात पुत्रांना वारशात दिला. दुसऱ्याने राग आपल्यापाशीच संपविला.

व्यापारी घरात वाटणीचा दिवस केव्हातरी येतोच. दुकान, गोदाम, गावाकडची जमीन यांची मोजदाद वहीत होते. ‘पुन्हा तुझ्या उंबरठ्यावर पाऊल ठेवणार नाही’ या एका वाक्याची नोंद मात्र कोठेही होत नाही. तरी तिचे व्याज मुले आणि नातवंडे फेडीत राहतात. असे वाक्य ओठांवर आले, की बाहुबलीची ती मूठ आठवावी.