उसनी स्वस्ताई

घरात येणाऱ्या कागदांपैकी सर्वांत कमी वाचला जाणारा कागद कोणता, असे कोणी विचारल्यास घरपट्टीचे बिल, असे निःशंकपणे सांगता येईल. लग्नपत्रिका घरातील लहानथोर सर्वजण वाचतात. विजेचे बिल निदान आकड्यापुरते तरी पाहिले जाते. परंतु घरपट्टीचा कागद आला की तो कोनाड्यात नाही तर घड्याळामागे खोचला जातो आणि मार्च महिना उजाडला म्हणजे त्याची शोधाशोध होते. त्यावरील रकान्यांत काय लिहिले आहे, हे पाहण्याच्या भरीस कोणी पडत नाही. आकडा मात्र मागील सालापेक्षा वाढलेला दिसला, की घरातील सर्वांना एकाएकी नागरिकशास्त्र आठवते.

अकोल्यास २०१७ साली हेच घडले, आणि त्याचा निकाल लागण्यास २०२५ साल संपत यावे लागले. ही हकीकत वऱ्हाडातील प्रत्येक घरमालकाने समजून घेण्याजोगी आहे.

अकोल्याची महानगरपालिका १ ऑक्टोबर २००१ रोजी अस्तित्वात आली. तेव्हापासून सुमारे सोळा वर्षे घरपट्टीच्या दरांची फेरतपासणी म्हणून झाली नाही. शहर वाढले, जुन्या वाड्यांच्या जागी चौमजली इमारती उठल्या, ज्या घरात एक कुटुंब राहत होते तेथे चार भाडेकरू आले; वहीतील आकडा मात्र होता तेथेच राहिला. २०१६ साली भोवतालची २४ गावे शहराच्या हद्दीत घेण्यात आली. फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडणूक होऊन ८० सभासदांचे नवे सभागृह बसले, आणि मग त्याच वर्षी २०१७-१८ पासून पुढील पाच वर्षांसाठी सुधारलेली घरपट्टी लागू झाली. सोळा वर्षांचा अनुशेष एकाच बिलात उतरल्यावर लोकांनी कपाळाला हात लावला, यात नवल नाही. मोर्चे निघाले, सभा झाल्या. सभागृहातीलच एका सभासदाने उच्च न्यायालयात जनहितयाचिका दाखल केली. नागपूर खंडपीठाने २०१९ मध्ये ती करवाढ रद्द ठरविली. महानगरपालिका सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि तेथे २०२५ च्या अखेरीस उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवून करवाढ वैध ठरविण्यात आली. ज्या संस्थेवर शहराच्या सोयींची जबाबदारी कायद्याने टाकली आहे, तिला स्वतःचे उत्पन्न असलेच पाहिजे, आणि इतकी वर्षे दरांना हात न लावणे हीच मुळात चूक होती, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय आहे.

निकाल योग्य झाला, असे आमचे मत आहे. तथापि तो महानगरपालिकेच्या बाजूने लागला म्हणून महानगरपालिका निर्दोष ठरली, असे समजण्याचे कारण नाही. जिचे सोळा वर्षांचे मौन हेच प्रकरणाचे मूळ, तिला शेवटी त्या मौनातून सुटण्याची परवानगी मिळाली, इतकाच त्याचा अर्थ.

यातील गणित चौथीतल्या मुलालाही सोडविता येईल. महागाई दरसाल शेकडा सहा इतकीच धरली, तरी आज शंभर रुपयांस मिळणारी वस्तू सोळा वर्षांनी अडीचशेहून अधिक रुपयांस मिळते. म्हणजे ज्याची घरपट्टी हजार रुपये होती, त्याची सोळा वर्षांनीही हजारच राहिली, तर तो प्रत्यक्षात चारशे रुपयांचाच माल नगरपालिकेस देत असतो. उलट हजाराचे पहिल्या वर्षी एक हजार साठ झाले असते, तर कोणाच्या घरी चूल पेटायची राहिली असती असे नाही. आणि या सोळा वर्षांत खर्च थांबून राहिला होता काय? १ जानेवारी २००६ पासून सहावा वेतन आयोग व १ जानेवारी २०१६ पासून सातवा वेतन आयोग लागू झाला. नळ, पंप, वीज, तुरटी, सगळ्यांचे भाव वाढले. सफाई कामगारांचे पगार थकल्याच्या आणि त्यापायी संप झाल्याच्या बातम्या अकोलेकरांनी वर्तमानपत्रांतून वेळोवेळी वाचल्या असतीलच; त्या बातम्या व आपल्या घड्याळामागचा तो कागद यांचा काही संबंध असावा, असे मात्र फार थोड्यांच्या मनात आले असेल.

रघुवंशाच्या पहिल्याच सर्गात दिलीपाच्या करग्रहणास सूर्याची उपमा दिली आहे, हे संस्कृत शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. नगरपालिकेच्या समारंभांतून वक्तेही ती मोठ्या आवडीने योजतात. या उपमेचा उत्तरार्ध, म्हणजे घेतलेल्याची अनेक पटींनी परतफेड, श्रोत्यांना फार गोड लागतो. परंतु सूर्य आपले काम दररोज, थोडे थोडे व न चुकता करतो, ही गोष्ट त्या उपमेत गृहीत धरलेली आहे. तोच सूर्य सोळा वर्षे ढगाआड निजून राहिला आणि एका वैशाखात सगळे तलाव एकदम शोषू लागला, तर कालिदासासही निराळी उपमा शोधावी लागली असती.

आता या स्वस्ताईची किंमत कोणी दिली ते पाहू. अकोल्याच्या उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. ज्या मुलखात भूगर्भातील पाण्याचा हा भरवसा, तेथे नळाचे गोडे पाणी ही चैनीची बाब नव्हे. अकोला शहरास हे पाणी काटेपूर्णा नदीवरील महान येथील धरणातून येते, आणि ते रोज न येता मध्ये काही दिवस टाकून येते, हा तेथील गृहिणींचा नित्याचा अनुभव आहे. मग काय होते? ज्यांना ऐपत आहे ते कूपनलिका खणतात, गच्चीवर दोन हजार लिटरची टाकी बसवितात, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र घेतात, उन्हाळ्यात टँकर मागवितात. मोरी तुंबली की मजूर बोलावतात. डास झाले की औषधी वड्या आणतात. हा सर्व खर्च घरातील वहीत ‘किरकोळ’ या सदराखाली जातो, म्हणून तो घरपट्टीच्या जोडीला कोणी मांडून पाहत नाही. वर्षाची बेरीज करून पाहावी. नगरपालिकेने जे मागितले नाही, ते टँकरवाल्याने घेतले असे आढळेल. आणि ज्यांना टँकर परवडत नाही, त्यांच्या घरातील मुलगी घागर घेऊन उभी राहते. तिच्या बुडालेल्या शाळेची नोंद कोणत्याच वहीत नसते. घरपट्टी न वाढविण्यात गरिबांचा कळवळा असतो, असे सभागृहातून सांगितले जाते. मोठ्या घराची पट्टी मोठी असते. तेव्हा न वाढविण्यातला मोठा लाभही मोठ्या घरासच होतो, ही साधी गोष्ट त्या कळवळ्यात बुडून जाते.

जकातीचे दिवस होते तोवर हे झाकून राहिले. कापसाच्या पेठा असलेल्या आपल्या शहरांत जकात हे पालिकेचे हक्काचे उत्पन्न होते. नाक्यावर गुळाच्या ढेपेवर कर बसे, तो गुळाच्या भावात मिसळून जाई, आणि आपण काही दिले असे कोणास वाटतच नसे. २०१० पासून टप्प्याटप्प्याने जकात जाऊन तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुसंख्य व्यापाऱ्यांपुरता तो उठला, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर उरलासुरलाही संपला. त्याबद्दल राज्य सरकार महानगरपालिकांना भरपाई देते, आणि ती भरपाई दरसाल शेकडा आठ या मानाने वाढावी अशी तरतूद २०१७ च्या कायद्यातच आहे. मुंबईहून येणारी रक्कम वर्षाला आठ टक्क्यांनी वाढावी हे कायद्यात लिहून घेतले गेले. स्वतःच्या गावातील वही मात्र सोळा वर्षे उघडली गेली नव्हती! परगावच्या मुलाच्या मनीऑर्डरीवर ज्या घराचा संसार चालतो, त्या घरात कर्त्याचा शब्द कितपत चालतो, हे वाचकांस सांगावयास नको.

अमरावतीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथील महानगरपालिका १५ ऑगस्ट १९८३ ची, अकोल्याहून अठरा वर्षांनी वडील. परंतु पाणी तिच्या हाती नाही. एके काळी वडाळी व छत्री हे तलाव शहराची तहान भागवीत. आता पाणी येते ते सिंभोरा येथील अप्पर वर्धा धरणातून, आणि ते पुरविते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण हे राज्याचे खाते. म्हणजे अमरावतीकराच्या घरी पाण्याचे बिल एकीकडून व घरपट्टीचे दुसरीकडून येते. याचा एक मजेदार परिणाम असा, की निवडणुकीत सभासद पाण्याचे आश्वासन देतो आणि निवडून आल्यावर नळाची तोटी आपल्या हाती नाही असेही खरेपणाने सांगू शकतो. जबाबदारी अशी दोन दारांत वाटली गेली, की तक्रारदाराचे जोडे झिजतात.

याहूनही गंभीर गोष्ट गेल्या चार वर्षांत दोन्ही शहरांत घडून गेली. २०१७ साली निवडलेल्या सभागृहांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. आरक्षणाच्या वादामुळे निवडणुका लांबल्या त्या थेट १५ जानेवारी २०२६ पर्यंत. मधल्या काळात आयुक्त हेच प्रशासक. कायद्याप्रमाणे आयुक्ताने अंदाजपत्रक मांडावयाचे, स्थायी समितीने ते तपासावयाचे आणि सर्वसाधारण सभेने मंजूर करावयाचे. येथे मांडणारा, तपासणारा व मंजूर करणारा एकच. विद्यार्थ्याने प्रश्नपत्रिका काढावी, उत्तरे लिहावी आणि गुणही आपणच द्यावे, असा हा प्रकार होय. विद्यार्थी हुशार व प्रामाणिक असेलही. परीक्षा मात्र झाली असे म्हणता येत नाही. २०२३-२४, २०२४-२५ व २०२५-२६ या तीन सबंध वर्षांची अंदाजपत्रके अशी मंजूर झाली. राज्यघटनेने पाच वर्षांची मुदत घालून दिलेली असताना हे घडले, आणि आपणांपैकी कितीजणांस त्याची टोचणी लागली? रस्ते झाडले जात होते, दिवे लागत होते. सभागृह बंद आहे याची आठवण येण्याचे कारणच पडले नाही.

लॉर्ड रिपन यांनी १८८२ साली स्थानिक स्वराज्याचा ठराव केला तेव्हा त्यांचा भर कारभार चोख होण्यावर नव्हता. लोकांना राज्यकारभाराचे शिक्षण मिळावे हा त्यांचा मुख्य हेतू होता. वऱ्हाड त्या वेळी मालकी निजामाची व अंमल इंग्रजांचा अशा चमत्कारिक स्थितीत होते. म्हणून आपल्या नगरपालिकांसाठी १८८६ साली निराळा कायदा करावा लागला. म्हणजे ही शाळा आपल्या मुलखात एकशे चाळीस वर्षे भरत आहे. शिक्षकाच्या दृष्टीने पाहता, पटावर नावे पुष्कळ आहेत, हजेरी कमी आहे.

तेव्हा निदान बिल वाचण्यापासून आरंभ करावा. त्यावर ‘करयोग्य मूल्य’ असा एक आकडा असतो. घर भाड्याने दिले असता वर्षाला जे वाजवी भाडे येईल त्यातून दुरुस्तीसाठी शेकडा दहा वजा करून तो काढतात. ‘घर आमचे, मग भाड्याचा प्रश्न कोठे आला?’ असा सवाल पुष्कळ घरांतून ऐकू येतो. भाडे हे येथे केवळ मोजण्याचे माप आहे. त्याखाली कराच्या बाबी असतात. शिक्षण कर हा नगरपालिका गोळा करते पण राज्य सरकारास भरते, हेही लक्षात असावे, नाही तर नगरपालिकेस नको तितके बोल लागतात. अंदाजपत्रक ही काही गुप्त वस्तू नाही. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा ते आपण होऊन प्रसिद्ध करण्यास सांगतो. पुढील वर्षाचे दर २० फेब्रुवारीपूर्वी व अंदाजपत्रक ३१ मार्चपूर्वी ठरावयाचे असते, तेव्हा बोलावयाचे ते माघ-फाल्गुनातच; चैत्रात बोलून उपयोग नाही. सभागृहातील निम्म्या जागा आता स्त्रियांच्या आहेत. महिला व बालकल्याणासाठी दरवर्षी ठरावीक हिस्सा राखून ठेवला जातो, तो खर्ची पडला की नुसता दाखविला गेला, हे विचारण्यास घरातील सुना-लेकींनी पुढे व्हावे. घरखर्चाची वही लिहिण्याचा सराव त्यांना आपल्याहून अधिक आहे.

आकारणी चुकली असे वाटल्यास हरकत घेण्याचीही सोय आहे. परंतु ती नोटिशीतील मुदतीच्या आत घ्यावी लागते, आणि आपल्या एकत्र कुटुंबांची अडचण नेमकी येथेच येते. पुष्कळ वाड्यांची घरपट्टी अजून आजोबांच्या नावाने येते. आजोबांना देवाघरी जाऊन वीस वर्षे झालेली; थोरले काका पट्टी भरतात, धाकटे काका पुण्यास असतात, वाटण्या तोंडी झाल्या आहेत, आणि मागे बांधलेल्या दोन खोल्यांची नोंद कोणी केलेली नाही. नोटीस आजोबांच्या नावाने येते, आणि आजोबा काही हरकत घेण्यास येत नाहीत. अशा घरांतून नाव लावून घेण्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला व वारसांच्या संमतीसह, दिवाळीनंतर लगेच देऊन टाकावा. मार्च महिन्यात त्या कचेरीत पाय ठेवावयास जागा नसते.