कानाचे माप

मांडव्याहून गेटवेकडे निघालेल्या लाँचमध्ये घाऊक खरेदीस जाणारी आपली तरुण मंडळी कानांत ईअरफोन घालून बसलेली असतात. इंजिनाच्या घरघरीत शब्द कळेनासे झाले की ती आवाज वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबल आवाजाची मर्यादा ४० तास सांगितली आहे. ९० डेसिबलला ती अवघ्या ४ तासांवर येते. गेलेली श्रवणशक्ती सहसा परत मिळत नाही.

म्हणून स्वस्तातला ईअरफोन घेताना प्रथम पारखावी ती टोकाची रबरी टोपी. डब्यात बहुधा तीन मापे असतात. आपण मात्र आधीच बसवलेली मधली वापरून मोकळे होतो. टोपी सैल असली की खर्ज निसटतो आणि बाहेरचा गोंगाट आत शिरतो. तबल्याचे ओळखीचे ध्वनिमुद्रण लावून पाहावे; डग्ग्याचा घुमारा भरीव ऐकू आला तर माप बरोबर. दोन्ही कानांना एकच माप लागते असेही नाही. माझ्या डाव्या कानाला लहान टोपी लागते, हे कळण्यापूर्वी मी दोन चांगले जोड ‘आवाज पातळ’ म्हणून अडगळीत टाकले होते! व्यापाऱ्याच्या घरात ही पारख शोभणारी नव्हे.

अर्ध्या तासात कान ठणकू लागला, तर टोपी मोठी आहे. वायर कानामागून वळवून घेतल्यास कपड्यावर घासण्याची खरखर कमी होते. धक्क्यावर उतरताना मात्र दोन्ही बाजू काढून ठेवाव्यात. खलाशाची हाक ऐकू यावयास हवी.