हौशीची गाडी विकताना

माझा भाचा पिकअप चालवतो. कर्जावर घेतलेली गाडी त्याने नवरीसारखी सजवली होती. हौद्यावर लोखंडी सांगाडा, रंगीत दिवे, मोठे कर्णे आणि मागे ‘आईची पुण्याई’ अशी ठसठशीत अक्षरे! वरातीत गाडी उभी राहिली की पोरे भोवती जमायची. या सजावटीला सव्वा लाख रुपये लागले. त्यातले निम्मे आईच्या पाटल्या गहाण ठेवून आले होते.

पुढे कामे कमी झाली, हप्ते थकू लागले. गाडी विकायचे ठरले. तो मला म्हणाला, “मामा, गाडीचे चार लाख आणि सजावटीचे सव्वा. त्याच्या खाली देणार नाही.”

पहिले गिऱ्हाईक आले ते भाजीच्या व्यापाऱ्याचे. त्याने दिव्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. इंजिन ऐकले, पाटे आणि टायर तपासले, आर. सी. बुक मागितले. म्हणाला, “पावणेचार देतो. सांगाडा कापायचा खर्च तुमचा.” भाच्याचा चेहरा उतरला.

बंधू-भगिनींनो, व्यापाऱ्याचे काय चुकले? त्याला भाजी वाहायची होती, वरात काढायची नव्हती. आपल्या हौसेचे पैसे दुसऱ्याने का द्यावेत?

शिवाय कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आर. सी. बुकातील नोंदी उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. अशी जोखीम कोणते गिऱ्हाईक विकत घेईल?

आम्ही सांगाडा उतरवला. दिवे आणि कर्णे एका मंडपवाल्याने पंचेचाळीस हजारांना नेले. गाडी मूळ रूपात आली आणि त्याच व्यापाऱ्याने तीन लाख नव्वद हजार मान्य केले.

पण खरा धोका पुढेच होता. व्यापारी म्हणाला, “कोऱ्या फॉर्मवर सह्या द्या, नाव मी सवडीने लावून घेतो.” भाचा पेन काढू लागला. मी हात धरला. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आहे की, गाडी विकली तरी आर. टी. ओ.च्या दप्तरी ज्याचे नाव, तोच मालक; अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. मधे चार हात बदलले तरी सुटका नाही.

म्हणून आधी कर्ज फेडून बँकेचा दाखला आणि फॉर्म 35 घ्यावा. फॉर्म 29 आणि 30 पूर्ण भरूनच सही करावी. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर चौदा दिवसांत आर. टी. ओ.ला कळवावे. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहून घ्यावी, विमाही नव्या मालकाच्या नावे करायला लावावा. नाव बदलेपर्यंत थोडी रक्कम अडकली तरी चालेल, पण आपण अडकू नये.

कर्ज फिटून उरलेल्या पैशांतून बहिणीच्या पाटल्या सुटल्या. भाचा आता जुनी गाडी शोधतो आहे. परवा म्हणाला, “मामा, या वेळी मागे फक्त नाव रंगवणार.”

मी म्हटले, “रंगव. पण आईला विचारून.”