पिकल्या पानाची पाटी



परवा एक आजीबाई बँकेचा कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "फादर, एवढं वाचून दाखवा." मी वाचले. मुलाने शेत गहाण टाकल्याचे त्यांना माझ्या तोंडून कळले आणि त्यांची मान खाली गेली. आपल्या घरचे दुःख दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागणे, हीच निरक्षरतेची खरी शिक्षा होय. "आता शिकता का?" असे विचारताच त्या म्हणाल्या, "पिकलं पान मी. मला कसली शाळा?"

आमच्या वडोदऱ्याचे सयाजीराव महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घराण्यातले. १८७५ साली ते दत्तक आले, तेव्हा वय बारा वर्षांचे. अक्षरओळख मात्र नव्हती. त्याच राजाने पुढे १९०६ साली सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. बारा वर्षे म्हणजे सत्तर नव्हेत, असे कोणी म्हणेल. तर मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी २०१६ साली खास आजीबाईंसाठी शाळा निघाली, तिथे साठी उलटलेल्या स्त्रियांनी पाटी हाती घेतली.

प्रौढाला भाषा शिकवावयाची नसते; ती त्याच्या मुखी असतेच. केवळ ध्वनी आणि खूण यांची गाठ घालावयाची असते. म्हणून आरंभ त्यांच्या स्वतःच्या नावापासून करावा. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, पण तिचा उच्चार मागाहून होतो. येथे नवशिका हमखास अडखळतो. 'जग' हा शब्द 'दुनिया' या अर्थी एका तऱ्हेने उच्चारतात, 'जगणे' या अर्थी दुसऱ्या. अक्षर मात्र एकच. 'दिन' आणि 'दीन' यांत एका वेलांटीने अर्थ पालटतो. असे शब्द जोडीजोडीने मांडावे.

तोंडपाठ प्रार्थनेच्या ओळीखालून बोट फिरविणे हाही उत्तम मार्ग आहे. परंतु पाठांतर म्हणजे वाचन नव्हे. मधलाच एखादा शब्द दाखवून विचारावा, म्हणजे खरे कळते.

मुलांनो, आजी चुकली तर हसू नका. वयामुळे जितकी पाटी सुटते, त्याहून अधिक ती लाजेमुळे सुटते. रोज सायंकाळी दहा मिनिटे तिच्याशेजारी बसा. पुढचा कागद येईल, तेव्हा तो आधी तिच्याच डोळ्यांखालून जावा.