सव्वाआठ फुटांची वाट

कार्तिकी एकादशी सरली की ओंकारेश्वरच्या घाटावर मराठी कानावर पडू लागतं. पुणे, नाशिक, सांगली, डोंबिवली. मुंडन केलेले निवृत्त बँक अधिकारी, पांढऱ्या साडीतल्या शाळासोबती मैत्रिणी, नोकरी सोडून आलेला एखादा तिशीतला संगणकवाला. कुपीत नर्मदेचं पाणी भरून घ्यायचं, कन्यापूजन करायचं, शिऱ्याची कढई करायची आणि दक्षिण तटाने पश्चिमेकडे चालू लागायचं. नदी कायम उजव्या हाताला. ती कुठेही ओलांडायची नाही. समुद्राशी पोहोचल्यावर खाडी नावेने पार करायची, उत्तर तटाने अमरकंटकपर्यंत चढायचं आणि वळसा घालून पुन्हा ओंकारेश्वर. नदीची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही काठ धरले तर २६००, आणि नाले, डोंगर, धरणं यांचे वळसे धरले तर त्याहून बरंच जास्त.

परंपरा सांगते, ही परिक्रमा तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. हिशेब केला तर रोजचे जेमतेम सव्वादोन किलोमीटर पडतात. चातुर्मासात एका जागी थांबायचं, वाटेत तीर्थं करायची, मन लागेल तिथे मुक्काम वाढवायचा, असा तो काळ. आजचा परिक्रमावासी रजा मोजून येतो. रोज पंचवीस किलोमीटर धरले की शंभर-सव्वाशे दिवस, त्यात आजारपण, पाऊस आणि समुद्राकाठची वाट पाहणं मिळवलं की साडेचार-पाच महिने. देवशयनीच्या आत घरी. दिग्विजय सिंह यांनी ३० सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या दिवशी, बरमान घाटावरून सुरुवात केली आणि ९ एप्रिल २०१८ ला तिथेच सांगता केली. तेव्हा ते सत्तरीत होते, १९२ दिवस लागले. चातुर्मास संपायच्या आत निघाले, पण राजकारण्यांचं पंचांग वेगळंच असतं.

या चालण्याबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’पासून जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’पर्यंत. या पुस्तकांनी हजारो लोकांना घराबाहेर काढलं, ही मोठीच गोष्ट. पण त्यामुळे एक समजही घट्ट बसला: परिक्रमा पूर्ण होते ती श्रद्धेने, नाहीतर जिद्दीने. म्हणजे जे काही आहे ते चालणाऱ्याच्या छातीत. प्रत्यक्षात परिक्रमा पूर्ण होते ती काठावर. कुठे पाणी मिळतं, कुठे ओसरी मिळते आणि पायाखाली पायवाट आहे की डांबर, यावर.

तयारीचं म्हणाल तर ती पायांची आणि पिशवीची. पिशवी भरताना जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक करतो, ‘असू दे’ म्हणत वस्तू घालतो. मग पहिल्या आठवड्यात कुठल्याशा आश्रमाच्या कोपऱ्यात दुसरी शाल, तिसरा सदरा, वाचू म्हणून आणलेली पोथी आणि चार्जरची दुसरी जोडी ठेवून पुढे निघतो. शेवटी उरतं ते आसन, पांघरूण, दोन कपडे, दंड, कमंडलू आणि ती कुपी. बूट एक नंबर मोठा हवा, कारण दुपारपर्यंत पाऊल सुजतं. फोड आला की जुने परिक्रमावासी सुईत दोरा ओवतात, सुई फोडाच्या एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने काढतात आणि दोरा आतच ठेवतात. रात्रभर पाणी दोऱ्याने झिरपतं, कातडी जागेवर राहते. डॉक्टर यावर नाक मुरडतात, आणि न उकळलेल्या सुईबद्दल ते बरोबरच आहेत.

पण सलग पाच महिने काढता आले नाहीत, म्हणून परिक्रमेचा नाद सोडणाऱ्यांनी अमृतलाल वेगड यांच्याकडे पाहावं. जबलपूरचे चित्रकार, शांतिनिकेतनात शिकलेले. १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते पहिल्यांदा नर्मदाकाठाने निघाले. सुट्टी मिळेल तसा एकेक तुकडा चालायचा, घरी यायचं, पुढच्या खेपेला जिथे थांबलो तिथूनच पुढे. असं कित्येक वर्षं. काठावरच्या बायका, मुलं, घाट यांची रेखाटनं केली, हिंदी-गुजरातीत पुस्तकं लिहिली. कर्मठांच्या लेखी ही खंड परिक्रमा, म्हणजे कमी दर्जाची. पण नदी इतक्या सावकाश पाहिलेला माणूस विरळाच. बसने पंधरवड्यात दोन्ही काठ उरकणाऱ्यांपेक्षा आणि चैत्रातल्या एका दिवसाच्या उत्तरवाहिनी परिक्रमेला झुंबड करणाऱ्यांपेक्षा वेगडांचा रस्ता नोकरदार माणसाला कितीतरी अधिक परवडणारा आहे.

आता काठाकडे. संध्याकाळचे पाच. लाल मातीची वाट एका घरासमोर येते. ‘नर्मदे हर!’ अशी हाळी दिली की आतून उत्तर येतं, ‘जिंदगीभर!’ पुढचा प्रश्न ठरलेला: किती मूर्ती? इथे माणसं मूर्तींत मोजतात. बाई माताराम, पुरुष बाबाजी. ‘आसन लगाओ’ म्हटलं की मुक्काम पक्का. कुठे शिजलेली भोजनप्रसादी, कुठे सदाव्रत, म्हणजे पीठ, डाळ, मीठ, मिरची हातावर ठेवतात आणि चूल दाखवतात. सकाळी निघताना चहा आणि बालभोग. पैसे विचारायचे नसतात. शाळेत निघालेली पोरं वाटेत गाठून टॉफी मागतात. शूलपाणीच्या झाडीत एके काळी भिल्ल परिक्रमावासीयांना लंगोटीपर्यंत लुटायचे, हे जुन्या वर्णनांत हटकून येतं. आता त्याच डोंगरात हाक मारून चहाला बसवतात. हा बदल कुठल्याही खात्याच्या योजनेतून झालेला नाही.

नाशिकच्या भारती ठाकूर यांनी परिक्रमा केली, तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि त्या पुन्हा काठावरच गेल्या. मंडलेश्वरजवळच्या लेपा गावी त्यांनी मुलांसाठी ‘नर्मदालय’ उभं केलं. वाटेत खाल्लेल्या भाकरीची परतफेड करण्याचा हा एक मार्ग. सगळ्यांना तो जमणार नाही, पण ज्या काठाने आपल्याला पोसलं त्याचं काय चाललं आहे, एवढं तरी परत आलेल्यांनी बोलायला हवं.

कारण वाट बुडते आहे. बरगी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर: एकामागून एक जलाशय झाले आणि काठ डोंगरावर सरकला. २००४ मध्ये इंदिरा सागरच्या पाण्याखाली हरसूद हे अख्खं शहर गेलं. सरदार सरोवराची उंची १३८.६८ मीटर झाली, शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ तर त्याआधीच पाण्यात गेलं होतं. जिथे पाणी आलं नाही तिथे वाळूचे खड्डे आहेत, किंवा शेत थेट पाण्यापर्यंत नांगरून तारेचं कुंपण घातलेलं आहे. मग परिक्रमावासी वर चढतो आणि डांबरी रस्त्याला लागतो. उन्हात तापलेला रस्ता, पाठीमागून ट्रक, सावली नाही. मध्य प्रदेश सरकारने २ जुलै २०१७ या एका दिवसात नर्मदेच्या खोऱ्यात सहा कोटींहून जास्त रोपं लावल्याचा दावा केला होता. त्या रस्त्यावर दुपारी बाराला झाड शोधत चालणाऱ्याला हा आकडा सांगून बघावा.

महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदेचा जेमतेम ५४ किलोमीटरचा काठ आलेला आहे, नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत. पण परिक्रमेचा सर्वांत कस लावणारा डोंगराळ टप्पा हाच. पाणी चढल्यामुळे आता बहुतेक जण धडगाव, काठी, मोलगी असे सातपुड्यातून जातात. इथे रस्ते नकोत, असं शहरातल्या पदयात्रीने म्हणू नये. याच डोंगरात बाळंतपणासाठी अडलेल्या बाईला अजून बांबूच्या झोळीतून खाली आणावं लागतं. रस्ता तिच्यासाठी आधी. तक्रार एवढीच की रस्ता आला की पायवाट मोडीत निघते, जणू दोन्ही एकत्र नांदूच शकत नाहीत.

खरं तर पायवाटेला कायद्यात जागा आहे. महाराष्ट्राच्या गावनकाशावर दुबार तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग आणि एकेरी तुटक रेषा म्हणजे पाऊलमार्ग. त्या एकेरी रेषेची रुंदी धरतात सव्वाआठ फूट. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात. पाणंदीवरून भांडलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला हे कलम पाठ असतं. सातपुड्यातल्या अनेक वनगावांत मामला वनखात्याकडे जातो. तिथे २००६ चा वनहक्क कायदा आहे. ग्रामसभेने शिफारस केली तर रस्ता, पिण्याचं पाणी अशा सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते. म्हणजे वाट नोंदवायला आणि दर काही कोसांवर पाण्याची टाकी बांधायला नवा कायदा लागत नाही.

अमेरिकेत जॉर्जियापासून मेनपर्यंत सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची अ‍ॅपलाचियन ट्रेल आहे. झाडांवर पांढरे पट्टे रंगवलेले, मार्ग चुकायची फारशी सोय नाही. तरीही ती एका दमात पुरी करायला निघालेल्या दर चौघांतला जेमतेम एक जण शेवट गाठतो. त्या वाटेला १९६८ मध्ये राष्ट्रीय कायद्याने संरक्षण मिळालं, म्हणून ती रस्ते आणि वसाहतींच्या रेट्यात टिकली. नर्मदेला पांढरे पट्टे नकोत, तंबूही नकोत. तिच्या काठाने ओसऱ्या आहेत. परिक्रमेच्या नावाने सरकारांना सुचतं ते मात्र बहुधा चारपदरी रस्ते, वाहनतळ, भव्य घाट. पायी जाणाऱ्याला हवं ते फार स्वस्त आहे: एक पाऊलमार्ग, दोन गावांमध्ये एक हातपंप, वडा-पिंपळाची चार झाडं आणि बायकांसाठी बंद दाराचं शौचालय. हे शेवटचं आजही इतकं दुर्मीळ आहे की अनेक माताराम पाणी कमी पितात आणि उन्हाने आजारी पडतात.

चालणाऱ्यांकडूनही थोडी अपेक्षा आहे. प्लॅस्टिकच्या बाटल्या काठावर टाकून कुपीतलं पाणी मात्र जिवापाड जपायचं, हे विचित्र दिसतं. पाड्यावरच्या घरात, जिथे त्यांनाच दोन वेळचं पुरत नाही, तिथे ‘एवढंच?’ असा चेहरा करणं त्याहून वाईट.

दक्षिण तट संपतो विमलेश्वरला. तिथे चालणं थांबतं आणि भरतीची वाट पाहणं सुरू होतं, कारण नाव सुटणार ती समुद्राच्या सोयीने, कधी भल्या पहाटे. पाच महिन्यांचं वेळापत्रक पाठ करून आलेला माणूस इथे पिशवीला टेकून मुकाट बसतो. मग कधीतरी हाक येते, चिखलातून गुडघाभर जात सगळे नावेत चढतात. मध्यावर कुपीतलं थोडं पाणी समुद्राला द्यायचं, थोडं समुद्राचं घ्यायचं. काही तासांनी नाव मिठी तलाईला लागते. उत्तर तट. पुन्हा नदी उजव्या हाताला. चार पावलं जाऊन वळलं की समोर दहेजच्या रसायन कारखान्यांची धुराडी आणि टँकरांची रांग. ओले पाय पुसून परिक्रमावासी रस्त्याच्या कडेने, गाड्यांना वाट देत, चालू लागतो.