फुलपाखरांच्या ट्रेकला ४० माणसं कशाला?

वन-डे ट्रेकचा बिझनेस सुरू करू का, असं बरेच जण विचारतात. करा की! पण सगळे जण पावसाळ्यातच बस भरतात. मार्च-एप्रिलमध्ये डोंगर कोरडा असतो, तिथे बघायचं काय, असं त्यांना वाटतं. मला हे पटत नाही.

माथेरानचंच घ्या. दस्तुरी नाक्यापुढे गाड्यांना बंदी, त्यामुळे तिथून चालणं आलंच. या दिवसांत तिथली अंजनी फुलते. फांदीला चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ. करवंदीला पांढरी, वासाची फुलं. ओढे आटत आले की उरलेल्या ओल्या मातीवर फुलपाखरं क्षार शोषायला बसतात. नीलवंत दिसला तर कस्टमर खूशच! २०१५ मध्ये त्याला राज्य फुलपाखरू केलं, असा मान देणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. लिंबाच्या जातीच्या झाडांवर तो अंडी घालतो. ही माहिती म्हणजेच तुमचा माल. रस्ता तर लोकांना फुकटच आहे.

आणि पहाटे पाचला निघू नका. अंगाला ऊन लागल्याशिवाय फुलपाखरू नीट उडत नाही. आठ ते अकरा बेस्ट.

आता हिशोब. समजा ४० जण, प्रत्येकी ५०० रुपये, म्हणजे २०,०००. बस, जेवण, दोन मदतनीस यात १४,००० गेले तर उरले ६,०००. त्याऐवजी १२ जण घ्या, प्रत्येकी ७००. जमा ८,४००. नेरळपर्यंत लोकलने आणि पुढे शेअर टॅक्सीने लोक आपापले येतील, नाश्ताही आपापला करतील. एक मदतनीस आणि तुमचा प्रवास मिळून १,५०० धरा. उरले ६,९००. डोक्याला ताप कमी तो वेगळाच.

शिवाय ४० माणसं ओल्या मातीपाशी पोचली की एक फुलपाखरू जागेवर राहत नाही. मागच्यांनी काय बघायचं, पुढच्यांच्या पाठी? सेल्फीसाठी फांद्या मोडल्या की पुढच्या बॅचला दाखवायला फुलं नाहीत. माझ्या दुकानात हात लावून खराब होणारा माल मी गर्दीत मांडत नाही.

वनखात्याकडे आणि नगरपरिषदेत परवानगीची चौकशी आधी करा. माकडं फार, खाऊ पिशवीतच ठेवायला सांगा. मे महिन्याच्या सुट्टीत तिथे तुफान गर्दी असते, म्हणून एप्रिल संपायच्या आत, आणि शक्यतो शनिवार-रविवार सोडून तारखा ठरवा.